चार खुंट्या

मुचकुंदीच्या खाडीवर, गोताडवाडीच्या वरच्या अंगाला
सडा जिथे उतरायला लागतो,
तिथे सकाळी साडेसातला आम्ही टेप पसरली.
वैशाख. कातळ अजून रात्रीचा गार होता,
अनवाणी उभं राहता येईल इतका.
नऊनंतर येत नाही.

चार स्टीलच्या खुंट्या, दोन आत, दोन बाहेर.
बाहेरच्या विचारतात, आतल्या ऐकतात.
इस्माईल सोलकर घण घालतो,
जांभा आधी ठणकतो, मग भुगा होतो
आणि खुंटीला जेमतेम चार बोटं आत घेतो.
बटण दाबलं. आकडा येईना.
यंत्र नुसतं लुकलुकत राहिलं.

कोरडा जांभा वीज घेत नाही.
खुंटीच्या मुळाशी पाणी ओतावं लागतं, मीठ घातलेलं.
पुस्तकात हे एका ओळीत आहे.
वाडीत सांगायला फार वेळ लागला.

"काय वो म्याडम," मनकर्णा गोताड म्हणाली,
"पानी सोधायला पानी?"
तिच्या पडवीत तीन हंडे होते.
टँकर मंगळवारी आलेला. आज शुक्रवार.
तिने हंड्यांकडे पाहिलं, मग माझ्या मिठाच्या पुडीकडे,
आणि सरळ विचारलं,
"खारंच लागतं ना? मग खाडी काय मेली?"

एकोणीस वर्षं मी हे काम करते.
एकोणीस वर्षं लोकांच्या पिण्याच्या पाण्यात
मीठ कालवत आले.

तिचा मुलगा दोन कॅन भरून घेऊन आला, धापा टाकत.
खुंट्यांनी खाडी प्यायली आणि यंत्र बोलायला लागलं.

चार हजार. तीन हजार आठशे. नुसता जांभा.
खुंट्या लांब न्यायच्या, आणखी लांब,
जितक्या लांब तितकं खालचं कळतं.
इस्माईल काजूंच्या मागे दिसेनासा झाला,
त्याची हाक तेवढी तारेसारखी ताणलेली.
तीनशे. मग पस्तीस,
म्हणजे शेडी, ओलीगच्च आणि चिक्कू,
अंगभर पाणी, पण द्यायचं नाव नाही.
मग बासष्ट. पुन्हा घेतलं. बासष्ट.
शेडीखालचा भेगाळलेला काळा दगड.
मी पेन्सिलीने ठिपका दिला आणि काही बोलले नाही.

आणखी लांब.
नऊ.
चार.

सरपंच खांद्यावरून वाकून बघत होते.
"आकडा उतरला म्हणजे पाणीच ना?"
पाणीच.
"भरपूर?"
भरपूर.
त्यांनी लगेच फोन काढला.
मी खाली बोट दाखवलं, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टकडे,
निळा तलाव, हिरवळीवर फिरणारे फवारे,
दोनशे फुटांची बोअर, मोटर रात्रंदिवस.
"त्यांनी गोडं ओढलं," म्हटलं, "मागून हा आला."
फोन त्यांनी खिशात ठेवला नाही,
नुसता हातात धरून राहिले.

मग हळूच, "योजना दोनशे फुटांची मंजूर आहे.
गाडीवाला फुटावर पैसे घेतो."

अहवालात मी लिहीन:
छत्तीस मीटरवर थांबावे.
थांबावे या शब्दाखाली दोन रेघा मारीन.
रेघा कोण वाचतं, मला माहीत आहे.

दुपारी तार गुंडाळताना मनकर्णा पुन्हा आली.
"किती खोल?"
सव्वाशे फुटांच्या आत, लागलं तर.
"आणि त्याच्याखाली?"
तुझी खाडी.
ती हसली नाही. मान हलवून सड्याकडे बघत राहिली,
बाजारात दर ऐकल्यासारखी.

खुंट्या उपटल्या तिथे भोकं राहिली,
प्रत्येकाच्या तोंडाशी वाळलेल्या मिठाचं पांढरं कडं.
इस्माईल गाडीत घण ठेवत होता.
कुठूनशी एक शेळी आली,
आणि पहिल्या भोकापासून सुरुवात करून
एकेक कडं चाटत
आमची सगळी रेघ तिने शेवटपर्यंत मोजली.